वायरमनने विकलेलं घर

वायरमन गेला त्या दिवशी स्मशानात लोक मला धीर देत होते. एकाने खांद्यावर हात ठेवून "जोडी फुटली राव" म्हटलं. दुसरा म्हणाला, "तुमचा लई जीव व्हता त्यांच्यावर." मी मान खाली घालून उभा होतो, त्यामुळे त्यांचा समज आणखीच पक्का झाला. खरी गोष्ट अशी की हा माणूस मला कधीच आवडला नाही. मान खाली घालून मी एवढाच विचार करत होतो, की याच्या मयताला एवढी माणसं कशी काय आली, आणि माझ्या वेळेला यातली किती येतील.

ही तुलना करायची सवय मला त्यानेच लावली. त्याआधी मी सुखी माणूस होतो. नारायणगावात माझं ऑफिस आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातली घरं, बंगले, फार्महाऊस मी विकून देतो. आमच्याकडे घर विकणं ही कुजबुजत करायची गोष्ट. लोक चर्चा करतात, विकणाऱ्याला मान वर करून चालता येत नाही, आणि व्यवहार व्हायच्या आधी बातमी फुटली तर भावकीतलं कोणीतरी आडवं येतंच. म्हणून मी गिऱ्हाईक न्यायचो ते भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना. कोणी विचारलंच तर सांगायचं, "पाहुणे आलेत." मोबाइलवर चार फोटो काढायचे: दार, ओटा, स्वयंपाकघर, विहीर. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही हा माझा नियम होता. रिकामं घर दिसलं की घेणाऱ्याला त्यात आपलं सामान दिसायला लागतं. असा माझा धंदा गुपचूप, चांगला चालला होता. आणि मग हा आला आणि त्याने आभाळातून बोंब मारायला सुरुवात केली.

तो वीज खात्यात वायरमन होता. सगळी नोकरी खांबावर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, शेतात लक्ष घालतात. याला मागेपुढे कोणी नव्हतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. याने ड्रोन घेतला. का घेतला विचारलं की म्हणायचा, "खांबावरनं उतारल्यावर मला खाली करमंना." घरं म्हणे त्याने कायम वरूनच पाहिलेली. कोणाच्या माळवदावर काय वाळत घातलंय, कोणाच्या परसात किती कोंबड्या, सगळं त्याला ठाऊक. खाली उतरून बघितलं की त्याला घर अर्धवट वाटायचं.

आणि गर्व काय त्याचा! "निम्मा तालुका माझ्या उजेडात जेवलाय," असं तो चहाच्या टपरीवर उघड बोलायचा. जणू वीज याच्या घरी तयार होत होती. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट, कमरेच्या पट्ट्याला पक्कड, आणि ड्रोन उडवताना हातात कामावरचे रबरी मोजे. एवढ्या जाड मोज्यांत ती नाजूक बटणं त्याला कशी दाबता यायची देव जाणे. ड्रोनची कंपनीने दिलेली पेटी त्याने कोणाला तरी डबा म्हणून देऊन टाकली होती. ड्रोन तो वेताच्या पाटीत, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून न्यायचा. त्याचा बाप मेंढ्यांमागे फिरलेला. ड्रोन परत बोलावताना बटण दाबायचाच, पण तोंडाने "हुर्र हुर्र, ये ये ये" असंही करायचा. लोक हसायचे, पोरं नक्कल करायची, आणि त्याला ते फार आवडायचं. माझी नक्कल आजवर कोणी केलेली नाही.

त्या दिवसांत गावोगाव अशी अफवा होती की चोर ड्रोन सोडून घरांची टेहळणी करतात. लोक काठ्या घेऊन जागत होते. दुसरा कोणी असता तर त्याने वर्षभर धंदा बंद ठेवला असता. हा मात्र ज्या गावात शूटिंग असेल तिथल्या देवळात जायचा, पुजाऱ्याकडून माइक घ्यायचा आणि भोंग्यावरून सांगायचा, "गावकऱ्यांनो, आता घटकाभरानं गावावर ड्रोन उडल. त्यो चोराचा न्हाई, माझा हाये. अमक्यांचं घर इकायचंय, त्याचं शूटिंग हाये. कुणी दगुड मारू नगा."

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी रस्त्यातच थांबवली. जी गोष्ट मी दुपारच्या सामसुमीत, पाहुणे म्हणून खोटं बोलून सांभाळत होतो, ती याने देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केली! मला वाटलं, आता याला मार पडणार. खरं सांगतो, मी थांबून वाट बघितली. मार पडला नाही. निम्मं गाव त्या घराच्या अंगणात जमलं. घर विकणाऱ्याची बायको आधी तोंड लपवत होती. थोड्या वेळाने ती सगळ्यांना चहा देत होती.

आणखी एक खूळ होतं. ड्रोन जमिनीवर ठेवला की हा ताठ उभा राहायचा आणि घराकडे तोंड करून ओरडायचा, "सोडू का?" घरातल्या माणसाने "सोड" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर पुन्हा "सोडू का?" खात्यातली सवय. खांबावर माणूस चढलेला असताना त्याचं उत्तर आल्याशिवाय लाइन सुरू करायची नाही. तिथे ते ठीक आहे, जिवाचा प्रश्न असतो. इथे घराच्या फोटोला कसली परवानगी? पण उत्तर आलं नाही तर हा पाटी उचलून खरोखर निघून जायचा. घोडेगावच्या एका माणसाला तो असाच सोडून गेला. पोरगा म्हणत होता सोड, म्हातारा दारात बसून गप्प होता. वायरमन म्हणाला, "म्हातारबा बोलंना, म्हंजी लाइनीवर माणूस हाये." मी ते गिऱ्हाईक लगेच उचललं, चार फोटो काढले. ते घर आजही तसंच पडून आहे, ही गोष्ट वेगळी.

पारगावला उसात एक बंगला होता. साखर कारखान्याच्या पलीकडे, चारी बाजूंनी ऊस. माझ्याकडे तो बंगला पडून होता, मालकाने तो वायरमनला दिला. त्याने वरून चित्रण केलं आणि त्यात कुंपणामागच्या बांधावर बिबट्या. आरामात बसलेला, शेपटी हलवत. मालक घाबरला. मी तिथेच होतो. मी कामाची जागा बघायला गेलो होतो असं समजा. मी म्हटलं, "वायरमन, तेवढा भाग काढून टाका. हे बघून कोण बंगला घेणार?"

"का बरं?" तो म्हणाला. "त्यो काय भाड्यानं आलाय का?"

सगळे हसले. बिबट्या तसाच ठेवला. दोन-तीन दिवसांत मुंबईच्या एका माणसाचा फोन आला. त्याने किंमत विचारली नाही, रस्ता विचारला नाही. त्याने विचारलं, "बिबट्या नक्की दिसतो ना?" बंगला गेला. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं, मी पित्त झालंय म्हणून सांगितलं.

पुढे मीही एक ड्रोन घेतला. त्याच्यापेक्षा महागाचा. शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला एका फार्महाऊसवर पहिल्यांदा उडवला आणि तो आंब्याच्या शेंड्याला जाऊन बसला. खालून दगड मारून झाले, दोरी टाकून झाली. शेवटी गावकऱ्यांनी मला न विचारता ज्याला फोन करायचा त्याला केला. तो आला, बुटासकट झाडावर चढला, माझा ड्रोन काखेत मारून उतरला. या वयात! माझ्या हातात देत म्हणाला, "एजंटसाहेब, हे जनावर अजून तुम्हाला वळखीत न्हाई." त्याला तोंडावर मी अहोजाहो करायचो. मनात मात्र तो कायम अरेतुरेच राहिला, आणि त्या दिवशी त्याहूनही खाली गेला.

हे सगळं मी गिळलं असतं. धंद्यात कोणी ना कोणी पुढे जातंच. पण माझं खरं दुखणं अक्काचं आहे.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी लहान होतो आणि अक्काचं नुकतंच लग्न झालेलं. ती मला आपल्याबरोबर डिंगोऱ्याला, सासरी घेऊन गेली. दाजी एसटीत ड्रायव्हर होते. शाळा मी तिथूनच शिकलो. त्यांना मूल झालं नाही आणि मला दुसरी आई लागली नाही. दाजी गेल्यावर अक्का त्या घरात एकटीच राहिली. पुढे तीन खोल्या, मागे दोन, अंगणात जांभूळ. मी नारायणगावात घर बांधलं तेव्हा तळमजल्यावर एक खोली तिच्यासाठी काढली. पायरी नाही, खिडकी पूर्वेला, कारण सकाळच्या उन्हात बसल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. अक्काला न्यायला गेलो की ती म्हणायची, "येते रं बाळा. पर दाजींच्या घराला कुलूप लावून न्हाई यायची. घर इकलं, की त्याच दिशी येते."

म्हणजे घर विकलं की अक्का माझी. बाकी कोणाचं घर विकताना मी कमिशन बघितलं असेल, इथे मला कमिशन नको होतं, अक्का हवी होती. मी गिऱ्हाइकं नेली. अक्काच्या दिराला कळू नये म्हणून दुपारी नेली. फोटो काढताना "अक्का, जरा बाजूला हो" म्हणायचो, ती पदर सावरत बाजूला व्हायची. लोक यायचे, जांभळाखाली उभे राहून छान आहे म्हणायचे, आणि परत फोन करायचे नाहीत. दोन दिवाळ्या गेल्या. खोलीचा रंग मी एकदा परत दिला.

एके दिवशी अक्काचाच फोन आला. "अरं, वायरमनला बोलावलंय शनवारी. तू बी ये."

मी म्हटलं, "अक्का, मी आहे ना. माझा धंदाच हा आहे."

"तू घरचा हाईस. तुला कसं म्हणायचं, अजून का न्हाई इकलं म्हणून? त्याला म्हणता येतं. आन् समद्यांची घरं त्योच इकतो म्हणं."

शनिवारी मी सकाळीच जाऊन बसलो. तोवर भोंग्यावर पुकारा झाला होता. अख्ख्या डिंगोऱ्याला कळलं की अक्का घर विकतेय. ज्याच्यापासून मी दोन वर्षं लपवलं तो तिचा दीर तावातावाने आला, "वैनी, आमाला इचारल्याबिगर?" मी मनात म्हटलं, झालं, आता हा व्यवहार मोडतो. वायरमनने शांतपणे ड्रोन थोडा वर नेला, बाजूच्या घरावर फिरवला आणि स्क्रीन दिराच्या नाकासमोर धरली. "हे तुमचं छप्पर. पत्रा उसवलाय बगा. पावसात गळत आसंल." दिराने डोळे बारीक करून पाहिलं. "आयला, तरीच!" म्हणाला आणि शिडी शोधायला धावला. जाताना म्हणाला, "वैनी, चांगल्या माणसाला द्या म्हंजी झालं." दोन वर्षं मी ज्याला घाबरलो तो माणूस एवढ्यावर गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग वायरमनने ड्रोन अंगणाच्या मधोमध ठेवला आणि ओरडला, "सोडू का?"

अक्का ओट्यावर शेंगांची पाटी घेऊन बसली होती. बोलली नाही.

"सोडू का?"

ती जांभळाकडे बघत होती. मला राहवलं नाही. तो पाटी उचलून निघाला तर? मी भिंतीजवळून जोरात म्हटलं, "सोडा!"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमी न्हाई. घरातलं माणूस पायजे."

ज्या ओट्यावर मी बाराखडी घोकली, त्या ओट्यासमोर हा मला म्हणाला, घरातलं माणूस पाहिजे. मला त्याची ती पाटी लाथेने उडवावीशी वाटली. अक्काने काही तरी म्हणावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "वायरमनभाऊ, मी हितंच बसू, का बाजूला हू?"

"बसा की. माणूस नसल्यावर घर केवढं हाये ते कसं कळायचं?"

"मग सोडा," अक्का म्हणाली.

चित्रण त्याने संध्याकाळी दाखवलं. सुरुवातीला नुसते अक्काचे हात, शेंगा फोडणारे. मग ती, मग ओटा, घर, जांभूळ, मग गाव, हिरवी-पिवळी शेतं, डोंगर. आणि मग परत खाली, हळूहळू, तिच्यापर्यंत. शेवटी अक्का कपाळावर आडवा हात धरून वर बघते आणि हसते. एवढं मोकळं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मी शाळेत पहिला आलो तेव्हाही नाही. ते माझ्या डोळ्यादेखत तिच्या तोंडावर आलं, आणि ते त्या चार पंख्यांच्या यंत्रासाठी होतं. भिंतीजवळ एक काळा ठिपका दिसत होता. वायरमन त्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तुमी. काढून टाकू का? तुमाला फोटुत माणूस चालत न्हाई म्हणं."

महिना झाला नसेल, पुण्याचं एक जोडपं आलं. दोघंही निवृत्त, साधी माणसं. घर पसंत पडलं, किमतीवरून फार ओढाताण झाली नाही. मी अक्काच्या खोलीत नवा पंखा बसवून घेतला. खरेदीखताच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "ते म्हणत्यात, आमी महिन्यातनं दोनदा येणार. येरवी घर बंद ऱ्हाईल. तर मावशी, तुमीच मागच्या दोन खोल्यांत ऱ्हावा, जिवंत हायेत तवर. कागदावर बी लिवून देत्यात." बोलताना तिचा चेहरा असा होता की मी तोंडापर्यंत आलेलं सगळं गिळलं. "घर इकलं बी आन् सुटलं बी न्हाई," ती म्हणाली. "नशीब म्हणायचं."

हे नशीब कोणी आणलं ते मला दुसऱ्या दिवशी जुन्नरला, नोंदणी कार्यालयाच्या बाहेर कळलं. पुण्याच्या त्या बाईच मला म्हणाल्या, "आम्हाला सुचलंच नव्हतं. तुमच्या वायरमनकाकांनी सुचवलं."

माझ्या! मी त्याला चहाच्या टपरीमागे गाठला. "वायरमन, हे तुम्ही का केलंत?"

"काय केलं?"

"अक्का माझ्याकडे येणार होती. घर विकलं की येणार होती. तुम्हाला घर विकायला बोलावलं होतं, तिला तिथे ठेवायला नाही."

त्याने बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "मी घेणाऱ्यांस्नी इचारलं, घरात ऱ्हाणार कोण? म्हणले, कुणी न्हाई. लई बंद घरांची कनेक्शनं तोडलीत मी राव, सबंध नोकरीत. तुमच्या बहिणीला इचारलं, ऱ्हाता का? त्या म्हणल्या, ऱ्हाते." मग बशी खाली ठेवून म्हणाला, "तुमी इचारलं व्हतं का त्यास्नी, यायचंय का म्हणून?"

मी म्हटलं, "भावाने बहिणीला काय विचारायचं असतं?" आणि निघून आलो. आजही माझं हेच म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

त्या भाऊबीजेला मी डिंगोऱ्याला गेलो तो मनाशी ठरवूनच, की ताटात ओवाळणी टाकताना अक्काला शेवटचं सांगायचं. मागच्या खोलीत शेणाने सारवलेलं, रांगोळी काढलेली. रांगोळीत पाट दोन होते. एका पाटावर वायरमन बसला होता. खाकी शर्टाला कडक इस्त्री, डोक्याला पांढरी टोपी, अंगाला उटण्याचा वास. पक्कड तेवढी नव्हती.

"त्यांना कोण हाये?" अक्का माझ्याकडे बघून म्हणाली. "म्हणलं, या."

मी दुसऱ्या पाटावर बसलो. खिशातून रुमाल काढून डोक्यावर ठेवला, कारण टोपी मी आणली नव्हती. अक्का निरांजनात तूप घालत होती. तिच्या पाठीकडे बघत मी म्हटलं, "अक्का, खोली तशीच ठेवलीय. पंखाही बसवलाय."

"ऱ्हाऊ दे की तशीच," ती वात नीट करत म्हणाली. "येईन चार दिस, पावणी म्हणून."

वायरमन समोर बघत होता. त्याचाही मला राग आला. अक्काने निरांजन लावलं, कुंकू, अक्षता, सुपारी बघून घेतली आणि ताट उचललं. मी पाठ ताठ केली, कपाळ पुढे केलं.

"वयानं थोरला आधी," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे बसली. त्याच्या कपाळावर कुंकू लावताना तिने डाव्या हाताने त्याची टोपी जराशी मागे सारली, माझी सारायची तशीच. मी डोक्यावरचा रुमाल घसरू नये म्हणून मान ताठ धरली आणि माझा नंबर यायची वाट बघत बसून राहिलो.